ब्रा टोचते, सरकते, वळ उठवते: तपासणी पट्ट्यापासून सुरू करा

आधी तक्रारी. यातली तुमची कोणती ते ओळखा, एकाहून जास्त असण्याचीच शक्यता अधिक.

- संध्याकाळी ब्रा काढल्यावर खांद्यांवर लाल खाचा दिसतात, दाबलं की दुखतात.
- पाठीवरचा पट्टा वर चढत राहतो. दिवसातून चारदा कुर्त्यात हात घालून खाली ओढावा लागतो.
- काखेखाली तार रुतते. गाडी चालवताना जास्त, कारण हँडल धरायला हात पुढे गेले की तिथलं मांस तारेवर येतं.
- कपाच्या वरच्या काठाशी स्तन दुभागतात आणि टीशर्टखाली दोनाचे चार उंचवटे दिसतात.
- किंवा याच्या उलट: कपाचा वरचा भाग पोकळ राहतो, वाकलं की उघडा पडतो.
- दोन कपांमधला जोड छातीच्या हाडाला टेकत नाही, अधांतरी राहतो.
- पट्ट्याच्या रेषेत, स्तनांखालच्या घडीत घामोळं, खाज, काळपट चट्टा.

शेवटची तक्रार वेगळ्या जातीची आहे, ती खाली वेगळी घेतली आहे. पोकळ कपाची गोष्टही जराशी निराळी. बाकी सगळ्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं: पट्टा मोठा आणि कप लहान. हे होतं कसं ते समजून घेतलं तर पुढच्या तपासण्या आपोआप कळतात.

शे-दीडशेच्या साध्या सुती ब्रांवर पुष्कळदा नुसता आकडा असतो, कपाचं अक्षर (ए, बी, सी, डी) नसतंच. असा कप साधारण बीच्या आसपास शिवलेला असतो. ज्यांना सी किंवा डी लागतो त्यांना तो आवळतो. मग दुकानात आपण म्हणतो, ‘चौतीस घट्ट होते, छत्तीस द्या.’ छत्तीसमध्ये कप थोडा मोठा मिळतो, पण त्यासोबत पट्टाही मोठा येतो. ब्राचं खरं काम हा पट्टा करतो. स्तनांचं बरंचसं वजन त्याने खालून पेलायचं असतं. तो सैल पडला की पाठीवर वर चढतो, पुढून कप खाली झुकतात आणि सगळं ओझं खांद्यांवर येतं. ते सावरायला आपण स्ट्रॅप आखडतो, त्या मांसात रुततात, आणि ‘स्ट्रॅप खराब आहेत’ असा निकाल लागतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

आरशासमोर पाच मिनिटं पुरतात. नवीन काही विकत घ्यायच्या आधी या कराच, कारण बऱ्याच जणींचं काम इथेच होतं.

पहिली, घालण्याची पद्धत. कमरेतून थोडं पुढे वाका, स्तन कपात उतरू द्या, मग मागे हूक लावा. हूक पुढे लावून ब्रा फिरवून घेण्याची सवय असेल तरी चालेल, फक्त नंतर वाकून कप नीट बसवा. आता उजवा हात डाव्या कपात घाला, काखेच्या बाजूला निसटलेलं मांस हलक्या हाताने पुढे आणा. दुसऱ्या बाजूलाही तसंच. काखेखाली तार रुतण्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं की जे कपात असायला हवं ते तारेखाली दाबलं गेलेलं असतं. हे केल्यावर कप अचानक लहान वाटू लागला तर घाबरू नका, तो आधीपासूनच लहान होता.

दुसरी, हुकाची रांग. मागे सहसा तीन रांगा असतात. नवीन ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल रांगेवर नीट बसली पाहिजे. आतल्या दोन रांगा पुढच्या काळासाठी राखीव: इलास्टिक ढिलं पडत जाईल तसं आत सरकायचं. नवी कोरी ब्रा सर्वांत आतल्या रांगेवरच बसत असेल तर पट्टा मोठा आहे आणि ती दोन-तीन महिन्यांत निकामी होणार. दुकानात नेमकं उलटं सांगतात, ‘न्या ना ताई, आतल्या हुकावर एकदम फिट बसते.’

तिसरी, स्ट्रॅप उतरवून बघणं. दोन्ही स्ट्रॅप खांद्यांवरून खाली सोडा. पट्टा बरोबर असेल तर ब्रा जवळजवळ जागेवर राहते. ती लगेच घसरली, तर आतापर्यंत वजन खांदेच वाहत होते. सगळ्या तपासण्यांत ही एकच करायला वेळ असेल तर हीच करा.

चौथी, स्ट्रॅपची लांबी. स्ट्रॅपवरच्या कड्या सरकवून सैल करा. खांद्यावर स्ट्रॅपखाली दोन बोटं सहज जावीत, पट्ट्याखाली पाठीशी दोन बोटं थोडी ओढ देऊन जावीत. धुताना या कड्या सरकतात, म्हणून महिन्यातून एकदा दोन्ही बाजू सारख्या आहेत का पाहा. एक खांदा थोडा खाली असणं अगदी सामान्य आहे, त्या बाजूची स्ट्रॅप किंचित आखूड चालते.

पाचवी तपासणी फारशी कोणाला माहीत नसते. पट्टा आवळतो असं वाटत असेल तर ब्रा उलटी घाला: कप पाठीवर, हूक पुढे. अशी घातल्यावर पट्टा आरामशीर वाटला तर दोष त्याचा नाही. कप लहान असले की ते भरताना पट्ट्याचं कापड पुढे ओढून घेतात आणि पट्टा विनाकारण घट्ट भासतो. इथे मोठा आकडा घेतला की पुन्हा त्याच चक्रात सापडाल. मोठं अक्षर घ्यायचं. उलटी घातल्यावरही श्वास कोंडत असेल तर मात्र पट्टा खरंच लहान आहे.

ब्राचं वय आणि नागपूरचं ऊन

इलास्टिकमधला ताणणारा धागा उष्णता, घाम आणि ब्लीच या तिन्हींनी मरतो. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो, गच्चीवरची तार हाताला चटका देते, आणि तिथेच ब्रा दिवसभर टांगलेली असते. नवतपाचे, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाचे, नऊ दिवस असं केलं तर चांगल्यातली ब्राही दिवाळीपर्यंत टिकत नाही.

परीक्षा सोपी. पट्टा दोन्ही हातांत धरून ताणा आणि सोडा. तो लगेच आक्रसला पाहिजे. हळूहळू, आळसावल्यासारखा परत आला, काठावर लाटा दिसल्या किंवा पातळ पांढरे धागे बाहेर आले तर इलास्टिक संपलं. अशा ब्रावर पुढच्या कोणत्याही दुरुस्तीचा खर्च करू नका. रोज आलटून-पालटून वापरली जाणारी ब्रा साधारण सहा महिने ते वर्षभर काम देते. एकच ब्रा रोज घालणाऱ्यांची त्याहून लवकर जाते. इलास्टिकला पूर्ववत व्हायला एक दिवस विश्रांती लागते, म्हणून किमान तीन हव्यात.

धुताना थंड पाणी, साधा साबण, ब्रश नको, पिळणं नको. टॉवेलात दाबून पाणी काढा. वाळत घालताना स्ट्रॅपने टांगू नका, ओल्या कपाच्या वजनाने स्ट्रॅप लांबतात. मधल्या जोडावर दोरीवर टाका, सावलीत. मशीनमध्ये टाकायचीच असेल तर हूक लावून, जाळीच्या पिशवीत. स्पिनरमध्ये तारेची ब्रा वाकते आणि वाकलेली तार पुन्हा सरळ होत नाही.

टेप घेऊन माप

शिवणकामाचा नवा टेप घ्या. वर्षानुवर्षं वापरलेला टेप स्वतःच ताणलेला असतो आणि अर्धा-पाऊण इंचाने खोटं बोलतो. माप पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात घ्या, कारण पाळीआधी स्तन फुगतात.

पहिलं माप स्तनांच्या लगेच खाली, टेप जमिनीला समांतर, श्वास सोडून, जरा ताणून. दुसरं माप सर्वांत भरलेल्या भागावरून, न आवळता, नीट बसणारी बिनपॅडची ब्रा घालून. स्तन मऊ आणि ओघळते असतील तर पुढे वाकूनही एक माप घ्या आणि उभ्याने घेतलेल्या मापाशी त्याची सरासरी काढा.

आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांचा हिशेब असा: खालचा घेर २७-२८ इंच असेल तर ३२, २९-३० ला ३४, ३१-३२ ला ३६, ३३-३४ ला ३८. मग वरच्या मापातून हा आकडा वजा करायचा. फरक १ इंच तर ए, २ तर बी, ३ तर सी, ४ तर डी. उदाहरणार्थ खाली ३०, वर ३७: पट्टा ३४, फरक ३, म्हणजे ३४ सी. हीच बाई दुकानात ‘छत्तीस’ सांगून ३६ बी घेऊन येते, आणि वर्षभर पट्टा खाली ओढत बसते.

हा हिशेब सुरुवात करायला आहे, ब्रह्मवाक्य नव्हे. काही कंपन्या खालच्या घेरात काहीच मिळवत नाहीत, ३२ इंच घेराला ३२ च म्हणतात, आणि त्यांची कपाची अक्षरंही मग पुढे सरकतात. सेंटिमीटरचा घोळ आणखी निराळा: एका पद्धतीत ७५ म्हणजे आपला ३४, तर दुसऱ्या पाकिटावर ३४ शेजारी ८५ छापलेलं दिसतं. म्हणून प्रत्येक कंपनीचा तक्ता पाकिटावर वाचायचा. एका कंपनीचा नंबर दुसरीला लावायचा नाही.

दुकानात नेमका नंबर नसेल तर शेजारचा नंबर लागू पडतो. पट्टा एक पायरी खाली आला की कपाचं अक्षर एक पायरी वर जातं: ३६ बी, ३४ सी आणि ३२ डी या तिघींत कपाची जागा सारखीच असते. नुसता आकडा उतरवला आणि अक्षर तेच ठेवलं तर कप लहान होतो, आणि ‘लहान नंबर घेऊन बघितला, जमलं नाही’ असं म्हणून पुन्हा छत्तीस घेतली जाते. दोन स्तनांत फरक असेल (तो असतोच) तर मोठ्याच्या मापाने घ्या, लहान बाजूला पातळ पॅड ठेवा.

थोड्या खर्चात होणारं

हूक वाढवणारी पट्टी, म्हणजे एक्स्टेंडर, शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात फार तर चहा-नाश्त्याच्या खर्चात मिळते. दोन हुकांची की तीन, ते आपल्या ब्रावर मोजून जा. हुकांमधलं अंतरही जुळलं पाहिजे, म्हणून ब्रा पिशवीत घालून नेलेली बरी. गरोदरपणात घेर वाढतो तेव्हा किंवा पट्टा खरंच लहान असेल तेव्हा तिचा उपयोग. कप लहान असताना ती लावली की पट्टा सैल होतो आणि कप तसेच आवळत राहतात.

तार बाहेर आली असेल तर ब्रा लगेच फेकू नका. तार एका कापडी नळीत असते आणि नळीचं तोंड काखेच्या टोकाशी शिवून बंद केलेलं असतं. शिवण झिजली की तारेचं टोक त्यातून डोकावतं. टोकावर प्लॅस्टिकची टोपी शिल्लक आहे का पाहा. असेल तर तार मागे सरकवा, अर्धा इंच आत गेली की नळीच्या तोंडावर दुहेरी दोऱ्याने आडवे-उभे दहा-बारा टाके घाला, वरून जाड सुती कापडाचा नखाएवढा तुकडा शिवा. टोपी गळून धातू उघडा पडला असेल तर कितीही टाके घाला, तो पुन्हा कापड कापून बाहेर येतो. अशा वेळी तार पूर्ण काढा, आणि काढायची तर दोन्ही बाजूंची. आधार कमी होईल, घरात घालायला ती चालेल. तुटलेली तार मात्र त्याच दिवशी काढा.

शिंप्याकडे देण्याजोगी कामं मोजकी: हुकांची पट्टी बदलणं, स्ट्रॅप आखूड करणं, आणि कप उत्तम बसतो पण पट्टा सैल आहे अशा ब्राचा पट्टा कमी करणं. शेवटच्या कामात हुकाच्या पट्टीशेजारी दोन्ही बाजूंना सारखं कापतात, एकूण इंच-दीड इंच. शिलाई झिगझॅगच हवी. सरळ शिलाई पट्टा ताणला की तडातड तुटते. झिगझॅगचं मशीन नसलेल्या शिंप्याला हे काम देऊ नका, त्याने कितीही ‘होऊन जाते ताई’ म्हटलं तरी. कप कापून लहान करायला कोणालाच देऊ नका.

नवी घेताना

कपाची पोकळी इथे येते. वरून पोकळ दिसणारा प्रत्येक कप मोठा नसतो. फोमचा साचेबंद कप स्वतःचा आकार सोडत नाही. ज्यांचे स्तन खालून भरलेले आणि वरून सपाट असतात, त्यांना तो कोणत्याही नंबरात वरून पोकळच राहणार. त्यांनी पॅड नसलेला, दोन-तीन तुकड्यांत शिवलेला कप घ्यावा किंवा वरचा काठ खाली असलेला. वजनदार स्तनांनाही शिवलेला कपच अधिक उचलून धरतो, सोबत रुंद स्ट्रॅप, काखेशी उंच बाजू आणि मागे तीन-चार हूक. उतरत्या खांद्यांवरून स्ट्रॅप घसरत असतील तर पाठीवर जवळ येणाऱ्या स्ट्रॅप पाहा.

नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मुख्य रस्त्यावर आणि मोदी नंबरच्या गल्ल्यांत माल भरपूर, इतवारी-गांधीबागेकडे भाव कमी. पण काउंटरवर पुरुष विक्रेता, शेजारी गर्दी, ट्रायल रूम नाही, मग पहिलं हाती येईल ते पिशवीत जातं. यावर उपाय म्हणजे नंबर, कप आणि प्रकार कागदावर लिहून नेणं आणि पैसे देण्याआधी विचारणं: ‘बदलून देता का?’ अंतर्वस्त्रं बदलून न देणारी दुकानं बरीच आहेत. नाही म्हणाले तर ट्रायल रूम असलेलं दुकान गाठा, धरमपेठ-सदरकडे अशी सापडतात. पहिल्यांदा एकच घ्या, तीनचं पाकीट नको. घरी पातळ बनियनवर घालून बघा, लेबल तोडू नका.

घातल्यावर नुसतं आरशात पाहून भागत नाही. हात पूर्ण वर करा: खालून स्तन बाहेर निसटले तर पट्टा सैल किंवा कप लहान. खुर्चीत बसा: तार बरगडीवर रुतली तर तारेचा आकार तुमचा नाही, नंबर बदलून सुटणार नाही. गाडीचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा, काखेशी काय होतं ते पाहा. मधला जोड हाडाला टेकतो का तेही आत्ताच बघा. बिनतारेच्या मऊ ब्रात तो पूर्ण टेकत नाही, ते चालतं.

त्वचेची तक्रार असेल तर

घामोळं असेल तर दिवसा मध्ये एकदा कोरडी ब्रा बदला, घडीतला घाम टिपून घ्या, घरी सैल सुती घाला. ओल्या त्वचेवर पावडर थापू नका, तिचे गोळे होऊन घडीत घासतात. पाठीवर बरोबर हुकांच्याच जागी खाज येत असेल तर धातूची ॲलर्जी असू शकते, बिनहुकाची ब्रा चार-सहा दिवस घालून खात्री करा.

लालसर, कडा उठलेला, पसरत जाणारा किंवा ओलसर वास येणारा चट्टा म्हणजे बुरशी असण्याची शक्यता मोठी. इथे घरगुती प्रयोग थांबवा. मेडिकल स्टोअरमधून स्वतःच्या मनाने मलम आणून लावू नका. त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर बुरशी दुप्पट फोफावते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. साखरेचा त्रास असेल तर तेही सांगा.

कुठे थांबायचं

सगळं करूनही दुखत असेल तर दोन-तीन दिवस तारेची ब्रा बाजूला ठेवून अगदी सैल, मऊ ब्रा घाला. दुखणं गेलं तर दोष ब्राचा. राहिलं तर ब्रा बदलत बसण्यात अर्थ नाही. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंनी जडपणा येऊन पाळीबरोबर ओसरणारं दुखणं सामान्य असतं. मानेत-खांद्यात सततची कळ, करंगळीकडे मुंग्या, असं असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट. छातीत दाब येऊन डावा हात, जबडा दुखणं, घाम फुटणं, दम लागणं यात ब्राचा विचारही करू नका, थेट तातडीच्या विभागात जा.

अंगावर पाजणाऱ्या आईला तारेची किंवा आवळ ब्रा नको, दाबाने दूध साचून गाठ होऊ शकते. स्तन लाल, गरम आणि सोबत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. दूध पाजणं स्वतःहून बंद करू नका.

आणि ही लक्षणं दिसली तर दुखत नसलं तरी थांबू नका: स्तनात किंवा काखेत नवी गाठ, एकाच बाजूचं एकाच जागी टिकून राहिलेलं दुखणं, स्तनाग्र नव्याने आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा आपोआप पाणी येणं, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी खड्डेदार होणं, आकारात अचानक फरक. तारेच्या ब्राने कॅन्सर होतो ही अफवा आहे. पण गाठ दिसल्यावर ‘तार लागली असेल’ म्हणून महिने घालवणं धोक्याचं. यातल्या बहुतेक गाठी साध्या निघतात, मात्र ते तपासणीनेच ठरतं. नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानमधल्या एम्सच्या शस्त्रक्रिया विभागाच्या ओपीडीत दाखवता येतं. चाळिशीच्या आत सहसा आधी सोनोग्राफी सांगतात, पुढे मॅमोग्राफी.

जाताना पुढून उघडणारा कुर्ता किंवा ब्लाउज घाला, आणि मॅमोग्राफी असेल त्या दिवशी काखेत-छातीवर पावडर, डिओडरंट लावू नका. त्यातले कण फिल्मवर ठिपक्यांसारखे दिसतात.